भाऊजींची मैत्रीण

जुनी वस्तू मोडीत काढायला एक भंगारवाला पुरतो. तीच वस्तू पुन्हा उभी करायची म्हटली, की कमिटी लागते. आणि कमिटी आली की तिच्यामागून पंथ आलेच. आमच्या पुण्यातला कुठलाही पेठेतला वाडा घ्या. तो पडका असतो तोवर सगळे एकमुखाने "काय वैभव होतं हो!" म्हणत असतात. पुनर्विकासाचा कागद फिरायला लागला रे लागला, की तीन तट पडतात. पहिला म्हणतो, तुळया बदला, पण कौलाला हात लावू नका. दुसरा म्हणतो, सगळं पाडा, सात मजले चढवा, फक्त दारावर जुन्या वाड्याची पाटी ठेवा. तिसरा म्हणतो, वाड्याचा एक झकास फोटो काढून भिंतीवर लावू आणि राहायला कोथरूडला जाऊ. चौथा काहीच म्हणत नाही. तो कोर्टात जातो.

हा प्रकार फक्त वाड्यांच्या नशिबी असतो असं मी समजत होतो. पण अमिगा नावाच्या एका संगणकाची कुळकथा ऐकली आणि भाऊबंदकीला देश नसतो, हे पटलं. ही कथा मला ऐकवली आमच्या भाऊजींनी. खरं म्हणजे ती न ऐकण्याची सोयच त्यांनी ठेवलेली नाही. भाऊजी १९८८ साली नोकरीनिमित्त श्टुटगार्टला गेले आणि पहिल्या चार पगारांतून त्यांनी अमिगा ५०० विकत घेतला. स्पॅनिश भाषेत 'अमिगा' म्हणजे मैत्रीण. हा अर्थ कळल्यापासून आमची ताई त्या यंत्राला नावाने हाक मारत नाही. "तुमची ती मैत्रीण माळ्यावर ठेवू का?" एवढंच विचारते.

मैत्रीण दिसायला साधी. एक जाडजूड कळफलक, त्याच्या पोटातच सगळा संगणक, आणि उजव्या कुशीत फ्लॉपी घालायची फट. पण घराणं मोठं. २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये थोरल्या बहिणीचा, म्हणजे अमिगा १००० चा, पहिला जाहीर कार्यक्रम झाला, तेव्हा अँडी वॉरहॉलसारख्या नामांकित चित्रकाराने तिच्यावर डेबी हॅरी या गायिकेचं चित्र रंगवून दाखवलं. त्या काळी मॅकिंटॉशचा पडदा काळापांढरा होता, आणि ही बया ४०९६ रंग दाखवत होती, चार सुरांत गात होती आणि एका वेळी अनेक कामं करत होती. तिचा जनक जे मायनर. त्याने पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सगळ्या सहकाऱ्यांच्या सह्या कोरून घेतल्या आणि शेजारी आपल्या मिची नावाच्या कुत्रीच्या पंजाचाही ठसा उमटवला. आपल्याकडे कोनशिलेवर नाव येण्यासाठी निदान नगरसेवक व्हावं लागतं.

यंत्राच्या आत काय आहे हे भाऊजींनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला काही कळलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी आमच्याच घराचं उदाहरण घेतलं, तेव्हा लख्ख कळलं. अमिगा म्हणजे एकत्र कुटुंब. साध्या संगणकात मुख्य प्रोसेसर हा एकटाच राबणारा कर्ता. हिशेब त्यानेच करायचा, चित्र त्यानेच काढायचं, गाणंही त्यानेच म्हणायचं. अमिगात मोटोरोलाचा ६८००० हा कर्ता होता. पण हाताखाली तीन कर्तबगार बायका होत्या. अ‍ॅग्नस, डेनीस आणि पॉला. कुणाला किती मेमरी कधी द्यायची हे अ‍ॅग्नस बघायची, म्हणजे कोठीच्या किल्ल्या तिच्या कनवटीला. डेनीस पडद्यावर रांगोळ्या काढायची. पॉला गायची आणि गाता गाता फ्लॉपीवरचं वाचूनही द्यायची. कर्ता ओसरीवर बसून सुपारी कातरायला मोकळा!

एकत्र कुटुंबाचे गुण आले तसे दोषही आले. अशा घरात खोल्यांना आतून कड्या नसतात. अमिगातही एका प्रोग्रॅमच्या मेमरीत दुसऱ्याने शिरू नये अशी भिंतच नव्हती. निरोप पाठवायचा तर मजकूर उचलून न्यायची गरज नाही, "अमुक फळीवर ठेवलाय, बघ" एवढं सांगितलं की झालं. म्हणून तर घर एवढं चपळ होतं. पण एकाचा तोल गेला की अख्खं घर कोसळायचं. मग पडद्यावर लाल चौकट उघडमीट करू लागे आणि तीत अक्षरं येत: 'गुरू मेडिटेशन'. पुढे काही आकडे. यंत्र बनवणाऱ्या मंडळींनीच आधी खेळांसाठी एक हलती फळी तयार केली होती. काम अडलं, की तिच्यावर मांडी घालून, तिळभरही न हलता बसण्याचा खेळ ते खेळत. त्यावरून हे नाव पडलं. म्हणजे यंत्र बिघडलं तर ते 'चूक झाली' म्हणत नसे. 'गुरू ध्यानस्थ आहेत, नंतर या' असं सांगे. सरकारी कचेऱ्यांनी हे घेण्यासारखं आहे.

आणखी एक खोड होती. खेळ लिहिणारे लोक कर्त्याला विचारतच नसत. थेट स्वयंपाकघरात शिरून डेनीसला आणि पॉलाला कामाला लावत. त्यामुळे खेळ विलक्षण वेगाने चालत. पण त्याचबरोबर ते सगळे त्या तीन बायकांच्या पदराला कायमचे बांधले गेले. उद्या घर बदलायचं म्हटलं, तर नुसता कर्ता उचलून नेऊन भागणार नव्हतं. पुढच्या सगळ्या महाभारताचं मूळ हे आहे.

२९ एप्रिल १९९४ रोजी कमोडोर कंपनीने दिवाळं जाहीर केलं आणि अमिगा अनाथ झाली. मग सुरू झाली वारसांची रांग. १९९५ साली एस्कॉम नावाच्या जर्मन कंपनीने तिला घेतलं. १९९६ साली एस्कॉमच बुडाली. १९९७ साली अमेरिकेतल्या गेटवेने घेतलं. गेटवेने १९९८ साली सांगितलं, की नव्या घराचा पाया क्यूएनएक्सचा असेल. १९९९ साली सांगितलं, की नाही, लिनक्सचा असेल. त्याच वर्षाच्या अखेरीला त्यांनी घरच दुसऱ्याला विकायला काढलं. भाऊजी तोवर पुण्याला परतले होते. ते म्हणतात, "आमचे श्टुटगार्टचे मित्र दर सहा महिन्यांनी कळवायचे, की भूमिपूजन झालं. नारळ मोजायचे राहिले होते फक्त."

आता प्रश्न असा, की नव्या घराचा कर्ता कोण? ६८००० च्या वंशात पुढे कोणी उरलं नव्हतं. खुद्द मोटोरोलाच अ‍ॅपल आणि आयबीएमबरोबर पॉवरपीसी नावाच्या नव्या प्रोसेसरच्या मागे लागली होती. तेव्हा अमिगाच्या शहाण्या लोकांनी पॉवरपीसीची निवड केली. निवड वाईट नव्हती. अ‍ॅपलसारखं मोठं जहाज त्याच दिशेला चाललं होतं. पण नवी प्रणाली, म्हणजे अमिगाओएस ४.०, पूर्ण व्हायला २००६ चा डिसेंबर उजाडला. आणि अ‍ॅपलने २००५ सालीच पॉवरपीसीला रामराम जाहीर करून २००६ साली सगळं बिऱ्हाड इंटेलकडे हलवलं होतं. आपण धावत फलाटावर पोचावं आणि गाडीचा शेवटचा डबा दिसावा, तशातली गत.

इथे भाऊजी नेहमी हात उंच करून विचारतात, "अरे, अ‍ॅपलने तीनदा घर बदललं! १९९४ साली ६८००० सोडून पॉवरपीसी, २००६ साली इंटेल, २०२० साली आर्म. तरी अ‍ॅपल जिवंत. मग आमचीच का मेली?"

मला यंत्रातलं कळत नसलं तरी घरातलं कळतं. अ‍ॅपलच्या घरी "उद्या सकाळी निघायचं" असं सांगणारा एक माणूस होता, आणि जुनं सामान नव्या घरात चालेल अशी सोय करून तो सांगत होता. अमिगाच्या घरी सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे, हेच ठरत नव्हतं. नाव एकाकडे, प्रणाली दुसऱ्याकडे, जुन्या रॉमचे हक्क तिसऱ्याकडे. २००७ साली कोर्टकज्जा सुरू झाला, २००९ साली तडजोड झाली, आणि काही वर्षांनी नवे वादी-प्रतिवादी पुन्हा उभे राहिले. दिशा ठरवायला आधी जाणारा कोण हे ठरावं लागतं.

कर्ता नाही म्हटल्यावर पंथ वाढले. भाऊजींचे तीन जर्मन मित्र दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओवर भेटतात. तिघंही सत्तरीकडे झुकलेले, तिघंही प्रेमळ, आणि तिघांचे तीन संप्रदाय.

पहिला पॉवरपीसीवाला. त्याने अमिगावन एक्स१००० नावाचं यंत्र घेतलंय. त्या पैशात आपल्याकडे एक चांगली मोटारसायकल यावी. या पंथातही दोन उपपंथ आहेत: अमिगाओएसवाले लाल आणि मॉर्फओएसवाले निळे. त्यांचा एकमेकांशी रोटीव्यवहार आहे, बेटीव्यवहार नाही.

दुसरा म्हणतो, प्रोसेसर म्हणजे देह, प्रणाली म्हणजे आत्मा. तेव्हा बाजारात जो देह स्वस्त मिळेल तो घ्या. त्याचं दैवत आरोस. १९९५ पासून जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या वेळात लिहिलेली ही प्रणाली साध्या पीसीवर चालते. तिच्यासाठी कुणी कोर्टात गेलेलं नाही. "कुणाची नाही म्हणूनच टिकली," असं तो म्हणतो.

तिसरा कट्टर सनातनी. त्याच्या मते ६८००० शिवाय अमिगा म्हणजे विठोबाशिवाय पंढरपूर. गंमत म्हणजे या सनातन्यालाच सगळ्यांत आधुनिक खेळणी मिळाली. एफपीजीए नावाची एक चिप असते. ती म्हणजे कोरी पाटी, तुम्ही सांगाल त्या यंत्राचं सोंग ती आतल्या जोडण्यांनिशी घेते. तिच्यावर लोकांनी व्हॅम्पायर नावाची कार्डं बनवली. २०२१ साली पायस्टॉर्म आलं: मूळ ६८००० उपटायचा, त्या खोबणीत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बसवायचा, आणि बायकांना कळूही न देता कर्ता बदलायचा. त्याच २०२१ साली, पॉवरपीसीवर वीस वर्षं घासाघीस झाल्यावर, त्याच कंपनीने अमिगाओएस ३.२ काढली, आणि ती कशासाठी? जुन्या ६८००० साठीच! १९७९ साली जन्मलेल्या प्रोसेसरला नवं धोतर.

फोटो भिंतीवर लावणारेही आहेत. १९९५ साली निघालेला यूएई हा अमिगाचं सोंग घेणारा प्रोग्रॅम आता कुठल्याही लॅपटॉपवर चालतो. २०२२ साली तर अमिगा ५०० ची एक चिमुकली प्रतिकृतीच बाजारात आली. तिच्यावरचा कळफलक निव्वळ शोभेचा आहे. कळा दाबता येत नाहीत. ताईला ती फार आवडली. "ही घ्या," ती म्हणाली, "पुसायला सोपी."

पण भाऊजींची अडचण तत्त्वज्ञानाची नव्हती. माळ्यावरच्या पेटीत मैत्रिणीशेजारी चोवीस फ्लॉप्या होत्या, आणि त्यांत त्यांनी १९८८ ते ९३ मध्ये आईला लिहिलेली पत्रं होती.

झालं होतं असं. भाऊजींचं हस्ताक्षर वैद्यकीय दर्जाचं. आईला ते वाचता येईना. म्हणून त्यांनी डीलक्स पेंटमध्ये एकेक चौकोन रंगवून देवनागरी अक्षरं तयार केली, ती कळफलकाच्या कळांवर बसवली आणि पत्रं छापून पाठवू लागले. जोडाक्षरांनी त्यांचा घाम काढला. पत्राला 'त्र' लागतो, म्हणून 'त्र' आधी काढला. 'क्ष' आणि 'ज्ञ' सवडीने काढू म्हणून राहून गेले. मग 'क्ष' टाळून लिहिणं आलं. 'लक्ष' लिहिता येईना, तर भाऊजी 'ध्यान' लिहू लागले. 'परीक्षा'चं 'इम्तिहान' झालं. दोन-चार पत्रांनंतर निळ्या एअरोग्रामवर आईचं उत्तर आलं: 'तुझ्या लिहिण्यात हिंदी फार येते. तिकडे कोणी मैत्रीण आहे काय? असल्यास स्पष्ट लिही.' भाऊजींनी प्रामाणिकपणे उलट कळवलं, की मैत्रीण आहे, पण ती यंत्र आहे. आईचा यावर विश्वास बसला नाही. तिने सहा महिन्यांत स्थळं पाहून लग्न ठरवलं. ताई आजही सांगते, "माझं लग्न एका जोडाक्षराच्या टंचाईमुळे झालं."

आईची उत्तरं भाऊजींनी जपून ठेवली आहेत. भाऊजींची छापील पत्रं आईने ट्रंकेत ठेवली होती. वाडा पाडायच्या वेळी ट्रंक उघडली, तेव्हा वाळवीने ती आधीच वाचून संपवली होती. म्हणजे संवादाची एक बाजू कागदावर आणि दुसरी फ्लॉपीवर. आणि ती फ्लॉपी आजच्या संगणकाला वाचता येत नाही. पीसीची फ्लॉपी ड्राइव्हही घेऊन पाहिली. पण पॉलाबाई फ्लॉपीवर आपल्या पद्धतीने ८८० किलोबाइट लिहायच्या. पीसीला ती मोडी लिपी.

तेव्हा तिन्ही पंथांना भाऊजींनी एकच प्रश्न विचारला: माझी फ्लॉपी कोण वाचेल? पॉवरपीसीवाला गप्प. आरोसवाला गप्प. लॅपटॉपवरचं सोंग पत्र दाखवायला तयार होतं, पण फ्लॉपी तोंडात घ्यायला त्याला तोंडच नव्हतं. कडेचं एखादं उपकरण मागवता आलं असतं. पण भाऊजी म्हणाले, "जिने लिहिली, तिलाच वाचू दे."

मैत्रिणीला उलटं करून पोटाचं झाकण उघडलं. जादा मेमरीच्या कार्डावर घड्याळासाठी एक छोटी बॅटरी असते. तीस-पस्तीस वर्षांत ती फुटून तिने तांब्याच्या रेघांवर हिरवं शेवाळ चढवलं होतं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक म्हातारबाबा सापडले. त्यांनी पाटी डोळ्यांपाशी नेली, हुंगली आणि म्हणाले, "घरी व्हिनेगर आहे?" ताईचं लोणच्याचं व्हिनेगर खर्ची पडलं. बॅटरी कापली, शेवाळ धुतलं, दोन रेघा बारीक तारेने जोडल्या. कोणताही नवा कर्ता बसवला नाही. बटण दाबलं. मैत्रीण जागी झाली आणि पहिल्याच झटक्याला लाल चौकट: गुरू ध्यानस्थ. भाऊजींनी हात जोडले. तिसऱ्या खेपेला गुरू उठले.

मला अशा वेळी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावची गोष्ट आठवते. तिथल्या १९ शाळांची उष्णता आणि थंडी ऐंशीच्या दशकातली एक अमिगा सांभाळत होती. २०१५ साली ही बातमी फुटली तोवर ती रोज कामावर होती. बिघडली की ती ज्याने शाळकरी वयात प्रोग्रॅम केली होती, त्याच गावकऱ्याला बोलवत. तिला कुणी पुनरुज्जीवित करत नव्हतं. कुणाला तरी तिचं काम होतं, एवढंच.

जुन्या मैत्रिणीतून ताईच्या लॅपटॉपला एक वायर जोडली. एका फ्लॉपीला आठ मिनिटं. चोवीसपैकी एकोणीस वाचल्या, पाच गेल्या. लॅपटॉपवर मजकूर नुसता उघडला, तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. भाऊजींनी घडवलेली अक्षरं आणि सोंगातली अमिगा दोन्ही मिळाल्यावर मराठी उमटली. रविवारी तिघं मित्र उत्सुकतेने विचारायला आले, की अखेर कोणती दिशा धरलीस? भाऊजी म्हणाले, "वाचायला जुनी, ठेवायला नवी." तिघांचंही समाधान झालं नाही, तिघांनीही अर्धा विजय साजरा केला.

त्या रात्री आम्ही पत्रं ओळीने वाचली. एक पत्र भाऊजी वाचत, मग ताई एअरोग्राम उलगडून आईचं उत्तर वाचे. १९९१ सालच्या एका उत्तरात आईने लिहिलं होतं: 'मी ज्ञानेश्वरीचे पारायण धरल्याचे कळविले, तर तू "पोथी ठीक चालली असेल" असे लिहिलेस. नाव घ्यायला काय झाले?' पुढची फ्लॉपी उघडली. अक्षरांच्या यादीत एक नवं अक्षर आलं होतं. सोळा चौकोन आडवे, सोळा उभे, त्यांत कसाबसा बसवलेला 'ज्ञ'. आणि पत्राची पहिलीच ओळ: 'ज्ञानेश्वरी कुठवर आली?'

भाऊजी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. ताई चष्मा सावरून पुढे वाकली.

"अहो, 'ज्ञ'ची शेपटी वाकडी आलीय. आता लॅपटॉपवर आहे, तर सरळ करून घ्या ना."

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "आईनं तशीच वाचलीय."